पाठकोऱ्या लग्नपत्रिका

"बाई, मला एवढंच सांगा. खून मी केलाय का?"

दारातल्या मुलीने चपला काढायच्या आधी हे विचारलं. मार्च महिना, दुपारचे तीन, आणि सांगलीचं ऊन. मी अर्धवट लिहिलेला कागद हातात घेऊनच दार उघडलं होतं. माझ्याकडे त्या वेळी दोनच प्रकारची माणसं येत. एक छापखान्यातला माणूस, मजकूर न्यायला. दुसरी एखादी वाचक, पुस्तकावर सही घ्यायला. ही दोन्हींतली दिसेना. वीस-बावीस वर्षांची, हातात कापडी पिशवी, आणि डोळे रडून सुजलेले.

"कुणाचा खून?" मी विचारलं.

"तुमच्या कथेतल्या सुकुमारचा. मी राजमती."

"कथेत राजमती आहे, ते मला माहीत आहे. तू कोण?"

"मीच राजमती. राजमती मगदूम. जयसिंगपूरहून आले. आमच्या घराचं नाव पद्मालय. सासूबाई चंपाबाई. नणंद त्रिशला, तिचा मुलगा बाहुबली. आणि आमच्या ह्यांचं नाव..." तिने ते घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

मी तिला आत घेतलं आणि पाणी दिलं. मला वाटतं, त्या क्षणी मी जेवढी घाबरले, तेवढा माझा एकही वाचक माझी पुस्तकं वाचून घाबरला नसेल.

त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मला लिहायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. पहिली बारा वर्षं नुसत्या प्रेमकथा लिहिल्या, मग वाचनालयवाले म्हणू लागले, विमलताई, आता लोकांना खून लागतो. म्हणून खून लिहायला लागले. खरं सांगायचं तर दोन्हींत काम एकच. प्रेमकथेत त्या दोघांना भेटू द्यायचं नाही, रहस्यकथेत वाचकाला कळू द्यायचं नाही. लांबण लावायची. नरहरपंतांच्या 'नवदीप' साप्ताहिकात दर रविवारी माझा एक भाग येई, आणि कथा संपली की तिचं पुस्तक होई. खुनाचा छडा लावायची मालनकाकू. पांढऱ्या कपाळाची, पापड लाटायला घरोघर जाणारी बाई. लाटणं फिरवता फिरवता तिला घराघरातलं आतलं कळायचं. लोकांचा तिच्यावर फार जीव होता. सात वर्षं मी तिच्या जिवावर जेवत होते, आणि तिचा मला मनापासून कंटाळा आला होता. संध्याकाळी मनगट दुखून भाकरी थापता यायची नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, काकू पोळपाट घेऊन निघाली.

"सासूबाई दर रविवारी अंक आणवतात," राजमती सांगू लागली. "त्यांना नीट वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवते. राजमतीने दुधात काय मिसळलं, ते मीच वाचायचं, बाई. आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत बसतात."

"अगं, गोष्ट आहे ती."

"पाचव्या भागाच्या आठवड्यात ह्यांना कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, बरी होईल. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरला काय कळतंय, सबनीसबाईंना सगळं कळतं. तेव्हापासून त्यांनी वेगळी चूल मांडलीय. स्वतःचं आणि ह्यांचं त्या रांधतात. मी केलेलं मी एकटी खाते. ह्यांच्या खोलीत पाण्याचा तांब्यासुद्धा मला नेऊ देत नाहीत."

"आणि नवरा काय म्हणतो?"

"ते आजारी माणूस. आईपुढे काय बोलणार?" तिने पदराने नाक पुसलं. "परवा सासूबाई म्हणाल्या, शेवटचा भाग येऊ दे, मग तुझं काय ते बघू. माहेरी घालवायचं म्हणतात. माझ्या पाठीवर दोघी बहिणी आहेत लग्नाच्या. मी अशी परत गेले तर त्यांना कोण करून घेईल? म्हणून मी देवळात जाते सांगून आले. मला फक्त सांगा, मी केलंय का?"

ती बोलत असताना माझी बोटं हातातल्या कागदाच्या पाठीवरून फिरत होती. पाठीला छपाई होती, अक्षरं बोटांना लागत होती. त्या काळी कागद महाग. नरहरपंतांच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापत, आणि ज्या चुकत त्यांचे गठ्ठे ते मला पाठवून देत. एका बाजूने छापलेल्या, पाठीमागे कोऱ्या. त्यावर मी लिहायची. डोकं चालेनासं झालं की कागद उलटा करायचा आणि पात्रांना नावं द्यायची. नेहमी मी एक नाव या पत्रिकेतलं, एक त्या पत्रिकेतलं असं घ्यायची, तेवढी अक्कल होती. पण या कथेच्या वेळी इतकी दमले होते की एकाच पत्रिकेवरून अख्खं घर उचललं. नवरा, नवरी, सासू, नणंद, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारं पोर, घराचं नाव. आडनाव तेवढं बदललं. ही माणसं कुठेतरी खरोखर जेवत-झोपत असतील, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

कागद मी हळूच पालथा करून मांडीखाली घेतला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. सात वर्षं लोक मला 'तुम्हाला कसं हो एवढं सुचतं' म्हणत होते, आणि रद्दीवरून नावं उचलते हे या एवढ्याशा पोरीला कुठल्या तोंडाने सांगू?

"योगायोग असतो गं असा," मी म्हटलं. "आणि तू नाहीस. खून तू केलेला नाहीस."

तिने डोळे मिटले. "मग कोणी?"

"ते आत्ता सांगता येत नाही."

"सासूबाईंनी केला असं नका हं करू," ती एकदम पुढे सरकून म्हणाली. "मला त्यांच्याच घरात राहायचंय. वन्संनीही नको. आमच्या घरातल्या कुणाचंच नको, बाई." मग तिने विचारलं, "आणि ह्यांना जिवंत करता येणार नाही ना?"

सुकुमार चौथ्याच भागात मेला होता. दहनसुद्धा झालं होतं. मी मान हलवली.

ती गेली, आणि मी टेबलाखालच्या टोपलीतली शेवटच्या दोन भागांची टिपणं काढली. त्यात खुनी कोण ते मी महिन्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं. राजमती. देखणी तरुण सून नवऱ्याला विष घालते, असं पुस्तक हातोहात जातं. मी त्या पोरीला तोंडावर धडधडीत खोटं सांगितलं होतं. आता ते खरं करून दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात गेले. नरहरपंतांनी सगळं ऐकून चष्मा कपाळावर चढवला.

"विमलताई, पात्रांची नावं मध्येच बदलता येणार नाहीत. वाचक विचारतील, हे कोण नवीन उपटलं?"

"मग खुलासा छापा. नावं काल्पनिक आहेत, चुकून जुळली, लेखिका दिलगीर आहे."

"छापतो की. माझं काय जातंय? पण आज ही गोष्ट एका घरात आहे. खुलासा छापला की जयसिंगपूर पेठेत बोर्ड लागल्यासारखं होईल. ज्याला माहीत नाही तोसुद्धा विचारील, कुठलं ते घर? कुठली ती सून?"

बोलणं खरं होतं. मागे यंत्राचा खडखडाट चालला होता.

"मग दुसरा खुनी द्या," पंत म्हणाले. "गडी द्या, शेजारी द्या."

"गडी नाही आणि शेजारीही नाही. सगळी माणसं त्या पत्रिकेतली आहेत हो. पत्रिकेबाहेरचं कथेत एकच माणूस आहे."

पंतांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी चष्मा खाली ओढला. "काकू? अहो, डोकंबिकं फिरलंय का तुमचं? काकूच्या नावावर अंक खपतो माझा! तुमचं घर चालतं!"

"मला ठाऊक आहे."

"कोण कुठली पोर, तिच्यासाठी आपण होऊन दुकान बंद करताय तुम्ही."

"पंत, तुम्हाला मजकूर हवाय ना शनिवारी? तो मिळेल."

घरी येऊन मी दोन दिवस लिहीत बसले. मालनकाकूने जुन्या वैरापायी सुकुमारच्या पापडात विष लाटलं, आणि सगळ्या घराला शोधाच्या नावाखाली फिरवत ठेवलं. ओढूनताणून बसवलं, पण बसलं. तिच्यावर आळ घालताना मला वाटलं होतं की सुटल्यासारखं होईल. झालं उलटंच. सात वर्षं शेजारी बसलेली बाई घरातून हाकलून दिल्यासारखं वाटलं, आणि मी रडले.

शेवटचा भाग छापून आला आणि पत्रांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी. बार्शीच्या एका हेडमास्तरांनी लिहिलं, आपण आमचा विश्वासघात केलात. वाचनालयांनी पुस्तकाची मागणी रद्द केली. पंतांनी पुढची कथा दुसऱ्या कुणाला दिली, आणि तसं सांगायलाही ते आले नाहीत, नुसता निरोप पाठवला. त्यानंतर मी रहस्यकथा लिहिली नाही. प्रेमकथाही दोनच झाल्या, त्याही कुणाला आवडल्या नाहीत. पण त्या आठवड्यात मला याचं फारसं काही वाटलं नाही. वाटायचं, जाऊ दे, ती पोर तरी सुटली.

भाग आल्यानंतर आठ दिवसांनी, दुपारी, पुन्हा दार वाजलं. या खेपेला एक साठीची, हाडापेराने मजबूत बाई उभी होती. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, हातात 'नवदीप'चा अंक गुंडाळी केलेला.

"सबनीसबाई तुमीच न्हवं?" आत येऊन ती भिंतीला टेकून खालीच बसली. "मी चंपाबाई मगदूम. पद्मालयातली."

मी लिहायचा कागद बाजूला ठेवला.

"काकूनी न्हाई केलं," ती म्हणाली.

"अं?"

"मालनकाकूनी खून केला न्हाई. मी सात वर्सं तिचं ऐकत आले, मला कळत न्हाई व्हय? ती बाई मुंगीला मारायची न्हाई. तुमी कुणाला तरी पाठीशी घालताय."

"छापलंय ते खरं, चंपाबाई."

"न्हाई." तिने अंक माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "माझी सून आली हुती तुमच्याकडं. देवळात जाते म्हणाली, आन् पिशवीत सांगलीचं तिकीट गावलं. तिनं तुमचे पाय धरले असणार. मग तुमास्नी दया आली, आन् तुमी त्या गरीब काकूच्या डोक्यावर खापर फोडलं. खरं का खोटं?"

करायला गेले काय आणि झालं काय! माझे सगळे वाचक फसले होते, चिडले होते, पण फसले होते. ही एकटी फसली नव्हती. तिने बरोब्बर ओळखलं होतं की टिपणात खुनी म्हणून राजमतीचंच नाव होतं.

"तिचा भाऊ उद्या येतोय तिला न्यायला," चंपाबाई म्हणाली. "मी चिठ्ठी धाडलीया. पण एक डाव तुमच्या तोंडानं ऐकावं म्हणून आले. माझ्या सुनंनं काय केलंय, ते तुमास्नी कुठनं कळलं?"

आता आणखी एक गोष्ट रचता आली असती. त्याचीच मला सवय होती. पण मी इतकी दमले होते की एक वाक्यसुद्धा रचायची ताकद नव्हती. मी उठले, टेबलाखालचा गठ्ठा ओढला आणि वरची पत्रिका काढून तिच्यासमोर धरली.

"हे काय?"

"वाचून दाखवते," मी म्हटलं, आणि वाचू लागले. वर महावीरांचं नाव, मग चि. सुकुमार, मग चि. सौ. कां. राजमती. निमंत्रक म्हणून श्रीमती चंपाबाई. सौ. त्रिशला. चि. बाहुबली. विवाहस्थळ, पद्मालय, जयसिंगपूर. वाचताना माझा आवाज बारीक होत गेला.

"ही आमची पत्रिका," ती म्हणाली. "पर ह्यात माझ्या थोरल्या दिराचं नाव न्हाई. त्यांचं नाव ऱ्हायलं म्हणून दोनशे पत्रिका मीच माघारी धाडल्या. दुसऱ्या छापून घेतल्या."

"त्या परत आलेल्या पत्रिका रद्दीत माझ्याकडे आल्या. पाठीमागे कोऱ्या होत्या, त्यावर मी लिहिते. मला नावं हवी होती. मी दमले होते, म्हणून कागद उलटा केला आणि तुमच्या घरातली सगळी नावं उचलली. बास. एवढंच आहे. तुमची सून मी ती इथे येईपर्यंत कधी बघितली नव्हती. तुमचा मुलगा आजारी पडेल हे मला कसं कळणार? मी कुणालाच ओळखत नव्हते, चंपाबाई. मी चुकले. आणि ती पोर इथे आली तेव्हासुद्धा लाजेपायी तिला हे सांगितलं नाही."

ती पत्रिकेकडे बघत बसली. मग तिने ती हातात घेऊन पालथी केली. पाठीवर माझ्या अक्षरात पाचवा भाग होता, खाडाखोड केलेला.

"शपथ घ्या."

"तुमच्या देवाची शपथ, माझ्या देवाची शपथ."

"म्हंजे हे समदं तुमी हितं बसून लिवलं."

"हो."

"आन् काकू?"

मला आधी कळलं नाही. "काकूचं काय?"

"काकू कुठं ऱ्हाते मग?"

"कुठेच नाही."

"कवाच नव्हती?"

"कधीच नव्हती, चंपाबाई."

"पापड कुणाच्या घरी लाटायची मग?"

"कुणाच्याच नाही."

तिने पदर डोळ्यांना लावला. राजमतीचं नाव निघालं तेव्हा ही बाई रडली नव्हती, पोराच्या आजारपणाचा विषय निघाला तेव्हाही नाही. "माझा मालक गेला, तवा सहा म्हैनं मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला न्हाई," ती म्हणाली. "लेक वाचून दाखवायची तुमची गोष्ट. मी म्हटलं, ही बाई माझ्यासारखीच पांढऱ्या कपाळाची, आन् समद्या गावात फिरतीया, लोक तिला इचारत्यात. मग मी आमच्या धान्याच्या दुकानात बसाय लागले. सात वर्सं झाली. आन् तुमी म्हणता, नव्हतीच."

"माफ करा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"तुमचं काय न्हाई," ती म्हणाली. "माझंच डोस्कं." मग एकाएकी गुडघ्यावर हात टेकून उठली. "किती वाजलं?"

"सव्वाचार."

"साडेचारची गाडी गावंल. दिस बुडायच्या आत जेवावं लागतं आमा जैनांस्नी."

"चहा घेऊन जा. आणि मी येते तुमच्याबरोबर, राजमतीला सगळं सांगते."

"नको!" ती जोरात म्हणाली. "तुमी काय सांगू नका. तिच्या भावाला मी बघते काय ते. आला तर जेवून माघारी जाईल." तिने चपला पायात सरकवल्या आणि दाराची चौकट धरून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "चुकलं म्हणायला मला जमायचं न्हाई. ह्या वयात जमतंय व्हय? घरात जाते, हात-पाय धुते, आन् पाटावर बसून म्हणते, राजमती, माझं ताट वाढ."

"तिला कळेल?" मी विचारलं.

"तीन म्हैनं वाट बघतीया ती," चंपाबाई म्हणाली, आणि गाडी चुकू नये म्हणून घाईघाईने जिना उतरली.